भिंतीकडच्या आठ कुंड्या

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जिन्याखाली एक खोली होती. कुठल्याही शाखेचा विद्यार्थी आपला प्रबंध, अहवाल, काय असेल ते घेऊन तिथे यायचा आणि लिखाण सुधारून घ्यायचा. निदान येताना त्याची तशी समजूत असायची. तिथल्या बाई कुणाच्या कागदाला पेन म्हणून लावत नसत. कागद पालथा घालायला लावायच्या आणि म्हणायच्या, आता तोंडाने सांग, काय केलंस? पोरगं दोन वाक्यं बोललं की विचारायच्या, मग? आणखी दोन बोललं की पुन्हा, मग? पोरांनी त्यांचं नाव मगबाई पाडलं होतं, आणि त्यात पोरांची काही चूक नव्हती. घरीही तेच. दूध उतू गेलं असं नवऱ्याने सांगितलं तरी बाई विचारायच्या, मग? तो बिचारा ओटा पुसत म्हणायचा, मग काय, गेलं.

बाई साहित्य शिकलेल्या. पुलांचं बांधकाम, दातांचे रोग, बाजारभावांचे आलेख यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण ऐकायची हौस दांडगी. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात पाटी लावली होती : 'मुद्द्याला लागत नाही ते काढून टाका.' या पाटीचा त्यांना भारी अभिमान होता.

एका सोमवारी शेतीशास्त्राची एक मुलगी आली. रोपांना कोणतं खत किती द्यावं, यावर तिने दोन वर्षं खपून प्रबंध लिहिला होता. तो दोनदा परत आला होता. दोन्ही वेळा तिच्या मार्गदर्शक सरांनी शेवटच्या पानावर लाल शाईत एवढंच लिहिलं होतं, यातून कळलं काय? आता शुक्रवारी तिसरी खेप. तीही परत आली तर नियमाप्रमाणे नोंदणी रद्द, म्हणजे दोन वर्षं पाण्यात. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

बाईंनी कागद पालथा घालायला लावला. मुलगी सांगू लागली. चाळीस कुंड्या, पाच प्रकारची खतं, दर आठवड्याला उंची मोजली. मग? मग शेडमध्ये ऊन सगळीकडे सारखं यावं म्हणून कुंड्यांच्या सहा रांगा केल्या, एकेका रांगेत आठ.

हिशेबात बाई कच्च्या. त्यांनी बोटं मोजली, पुन्हा मोजली.

"सहा आठे अठ्ठेचाळीस होतात ना गं?"

मग हळूहळू बाहेर आलं. सहावी रांग बिनखताची होती, भिंतीकडेला. आई दवाखान्यात होती म्हणून मुलगी नऊ दिवस गावाला गेली. पाणी घालायला मैत्रिणीला सांगून गेली, पण भिंतीकडच्या रांगेचं सांगायचं राहिलं. त्या आठ कुंड्या नऊ दिवस कोरड्या राहिल्या. हलगर्जीपणा उघडा पडेल म्हणून तिला धास्ती होतीच. त्यात मागच्या वर्षी बाई नसताना ती याच खोलीत डोकावून गेली होती.

"तुमची पाटी वाचली, मॅडम. त्या आठ मुद्द्याला लागत नव्हत्या. प्रबंधातून काढून टाकल्या."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोष्टीतून एखादी आत्या काढली तर कुणाचं काही बिघडत नाही. पण या कुंड्या खरोखर लावलेल्या होत्या, आणि ज्या पाटीचा इतका तोरा मिरवला तिनेच त्या गायब केल्या होत्या. तरी जित्याची खोड, त्यांच्या तोंडून गेलंच, मग? त्या आठांचं पुढे काय झालं?

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, पुढे उन्हाळ्यात शेडचा पंप जळला. आठवडाभर पाणी नव्हतं. चाळिसांतली निम्म्याहून जास्त रोपं वाळली.

"आणि भिंतीकडची?"

"एकच गेलं," मुलगी म्हणाली, आणि आपणच काय बोललो ते ऐकून बाईंकडे बघत राहिली. नऊ दिवस तहानलेली रोपंच तगली होती.

बाईंनी कागद सुलटा करून तिच्यापुढे सरकवला. म्हणाल्या, सगळं लिही, नऊ दिवसांसकट, पहिल्याच पानावर. मुलगी म्हणाली, आपण लपवलं हे कळलं तर सर सहीच करणार नाहीत. पाटी माझी होती हे मी सरांना कळवते, एवढं बाई म्हणाल्या. ती चिठ्ठी लिहिताना त्यांची दमछाक झाली. चार कागद फाडले. शेवटी पाचवा पालथा घालून आधी स्वतःशीच मोठ्याने बोलल्या, तेव्हा कुठे ती उतरली.

शुक्रवारी बाईंचं कशात लक्ष लागेना. चारच्या सुमाराला मुलगी आली आणि धपकन खुर्चीत बसली. सरांनी चिठ्ठी वाचली, पहिलं पान उभ्यानेच वाचलं, आणि दहा मिनिटं तिला फैलावर घेतलं. लपवाछपवी करायची असेल तर दुसरं काहीतरी कर, म्हणाले. निघून जायला तिने पिशवी उचलली होती.

"मग?" बाईंना राहवेना.

"तेच."

"तेच काय?"

"सरांनीही तेच विचारलं, मॅडम. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मग?"

ती तासभर बोलत होती. सरांनी तिला बजावलं, आठ कुंड्यांवरून काही सिद्ध होत नाही, तसं स्पष्ट लिही. तिने ते तिथेच बसून लिहिलं. मग तिने शेवटचं पान बाईंपुढे ठेवलं. सही होती. तिच्याखाली लाल शाईत सरांनी लिहिलं होतं, पुढच्या हंगामात भिंतीकडे ऐंशी कुंड्या लावणे. पाणी मी बघतो.