मी, नाल्याकाठची पालकाची जुडी

मी पालकाची जुडी बोलतेय. नमस्कार-चमत्कार मला जमायचे नाहीत. तुम्ही मला पेरलंत, उपटलंत, चिरलंत, फोडणीत टाकलंत. त्याबद्दल तक्रार नाही, भाजीचा जन्मच त्यासाठी असतो. माझा राग वेगळा आहे. तुम्ही माझ्यात विष भरलंत आणि वर मलाच पौष्टिक म्हणता.

आत्ता मी इंदूरच्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर, स्टीलच्या वाटीत आहे. डाळ-दाणे घालून माझी पातळ भाजी केली आहे. वाटी घरच्या सुनेच्या, मधुरिमाच्या ताटात आहे आणि मधुरिमाला पाचवा महिना लागलाय. ती जेवायला सुरुवात करतेय, तेवढ्यात मला माझी कहाणी सांगून घेऊ द्या.

माझा जन्म शहराबाहेरचा, सांवेर गावाच्या वाटेवरचा. शहरातून वाहत येणाऱ्या नाल्याच्या काठी मनीषचं शेत आहे, तिथला. मनीष दुष्ट नाही, पण भोळाही नाही. त्यानं नाल्यात मोटर टाकली आहे. त्या पाण्यावर खताचा खर्च वाचतो, पीक भराभर वर येतं, आणि गिऱ्हाईक हिरवा रंग बघून भुलतं. घरच्यासाठी मात्र त्यानं ट्यूबवेलच्या पाण्यावर वेगळा वाफा राखलाय. तिथला पालक खुरटा, फिकट. त्याच्या घरात तोच शिजतो. बाजाराचं वेगळं आणि घरचं वेगळं, ही त्याची रीत, आणि ती त्याला कधी खटकली नाही.

मी नाल्याचं पाणी प्यायले. दुसरं काय करणार? रोपाला तोंड फिरवता येत नाही. शहराची घाण त्यात होतीच, पण घाणीचं आम्हाला वावडं नाही, शेणमातीतच आम्ही वाढतो. काही सकाळी मात्र पाणी पिवळं यायचं. मुळांना चटका बसायचा. त्या पाण्यातून शिसं आलं, कॅडमियम आलं, क्रोमियम आलं. आम्हा पालेभाज्यांची खोडच अशी, की मिळेल ते ओढायचं आणि पानांत साठवायचं. मीही साठवलं. त्यानं माझं रूप जराही बिघडलं नाही, उलट सगळ्या वाफ्यात मीच देखणी दिसत होते.

आज रविवार. सकाळीच शशिकलाबाई शेतावर आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, टापटिपीच्या बाई. गाडी चालवायला मुलगा, यशवर्धन. मंडीतल्या भाजीवर बाईंचा विश्वास नाही. “ती सगळी केमिकलवाली,” म्हणतात. म्हणून दर रविवारी इतक्या लांब यायचं, डोळ्यांदेखत भाजी उपटून घ्यायची आणि सोसायटीत चारचौघींना ऐकवायचं, “आम्ही बाई सीधी खेतातूनच आणतो.” पेट्रोल जाळून विष विकत घेणारी माणसं मी ह्याच शहराची बघितली. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसला तर ह्यांचा जीव कासावीस होतो. आपलं शहर किती स्वच्छ, हे पाहुण्याला सांगताना ह्यांची छाती फुगते. पण मोरीतून गेलेलं पाणी पुढं कुठं जातं, हे बघायला कुणी नाल्यापर्यंत येत नाही.

“भिया, बहू के लिए चाहिए,” शशिकलाबाई मनीषला म्हणाल्या. “डॉक्टर ने खून कम बताया है. एकदम ताजी देना.”

“आंटीजी, ये देखो, कैसी लहरा री है!” असं म्हणून मनीषनं मला मुळासकट उपटलं.

यशवर्धन मोटरीजवळ उभा होता. पाटातल्या पाण्याकडे बघत होता. आज पाणी पिवळं होतं.

“ये पानी कहाँ का है?” त्यानं विचारलं.

“नाले का, साब. सोना है सोना. खाद डालनी ही नी पड़ती.”

“और ये पीला क्या है?”

“वो तो ऊपर फैक्ट्रीवाले छोड़ते हैं कभी-कभी. अपने को क्या, बह जाता है.”

यशवर्धनचा चेहरा उतरला. का उतरला, ते मला परतीच्या वाटेवर, गाडीत कळलं. मी मागच्या सीटवर पिशवीत होते. त्याचा फोन वाजला आणि गाडीभर आवाज आला, “सर, टँक भर गया है. छोड़ दूँ?”

तर हा यशवर्धन मुलामा चढवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर. नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी तिथं चकाकतात, आणि चकाकी देऊन उरलेलं पाणी टाकीत साठतं. ते शुद्ध करायचं यंत्र कारखान्यात आहे. तपासणीला साहेब येणार असले की ते चालतं, एरवी बंद. एरवी टाकी सरळ त्याच नाल्यात रिकामी होते.

गाडी हळू झाली. यशवर्धननं समोरच्या आरशातून मागं, माझ्या पिशवीकडे बघितलं. मला खरंच वाटलं, हा आता नाही म्हणेल. आज सगळं डोळ्यांनी बघितलंय, आता कसा हो म्हणेल?

“छोड़ दो,” तो म्हणाला. “अँधेरा होने दो, फिर.”

“काय सोडायचंय रे?” शशिकलाबाईंनी विचारलं.

“काही नाही आई. ऑफिसचं.”

सोसायटीच्या फाटकाशी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत उभी होती. ओल्या कचऱ्याचं झाकण उघडं होतं. यशवर्धन मला हातात घेऊन तिच्याजवळ घुटमळला. एवढंच करायचं होतं, हात सैल सोडायचा. आईनं विचारलं असतं तर पिशवी सांडली म्हणून सांगता आलं असतं. पण शेजारचे कुणी काका ओला-सुका कचरा वेगळा करत उभे होते, त्यांनी “काय भिया, ताजी भाजी!” म्हटलं, आणि हा हसून मला वर घेऊन आला.

शशिकलाबाईंनी मला मीठ-हळदीच्या पाण्यात भिजवलं, पान न् पान चोळून धुतलं. बाईंचा हात मायेचा होता, एवढं मी कबूल करते. पण जे माझ्या शिरांत भिनलं, ते नळाखाली कसं निघणार? त्यांनी माती काढली, अळी काढली, पिवळं पान काढलं, आणि समाधानानं कढई गॅसवर ठेवली.

आता ताटं वाढली आहेत.

“मला पालक मुळीच आवडत नाही,” मधुरिमा म्हणते, “पण बाळासाठी खाते.”

“खा ग. लोह असतं त्यात,” शशिकलाबाई म्हणतात.

लोहच का, बाई? जे जे मागितलं नव्हतं तेही सगळं आणलंय मी.

“आई,” यशवर्धन म्हणतो, “आज पालक राहू दे ना. दुसरं काही दे तिला.”

“का? काय झालं?”

“काही नाही. असंच.”

“असंच म्हणजे? सकाळपासून निवडतेय, धुतेय. डॉक्टरनं हिरवी भाजी सांगितलीय ना?”

“हो, पण...”

“पण काय?” आता मधुरिमाही त्याच्याकडे बघते. “तुला काही माहीत आहे का?”

बघा, दार उघडून दिलंय त्या पोरीनं. आणि हा काय करतो? आपली वाटी पुढं सरकवतो.

“कुठं काय. मला ॲसिडिटी झालीय, मला नको.”

स्वतःपुरतं बरोबर कळतं माणसाला! करून सवरून नामानिराळं राहायचं, आणि अंगाशी आलं की फक्त आपलं अंग काढून घ्यायचं.

“मग वाया कशाला घालवायची?” म्हणत शशिकलाबाई त्याची वाटी उचलतात आणि मधुरिमाच्या वाटीत उपडी करतात. “दोन जिवांचं खायचंय तिला.”

झालं. त्याचा वाटाही तिच्या पानात आला. यशवर्धन बघतोय. कपाळावरचा घाम पुसून तो पोळीचा तुकडा मोडतोय.

मी भाजी आहे, मला शापबीप देता येत नाही. मला ह्या पोरीच्या पोटात जायचं नाही, हेही सांगता येत नाही. मी तिचा आणि तिच्या बाळाचा काही गुन्हा मानत नाही. पण यशवर्धन, तुला तोंड आहे. एक वाक्य पुरे. आई ओरडेल, बायको रडेल, कदाचित तुझ्याशी बोलणार नाही, नोकरीही जाईल. जाऊ दे. मधुरिमा खातेय, पण वाटी अजून अर्धी भरलेली आहे. बोल. माझ्यावर तुझे फार उपकार आहेत, त्यांची एवढी फेड कर.

तो मधुरिमाकडे बघतो. तोंड उघडतो.

“आई,” म्हणतो, “पोळी आहे का अजून?”

पोळी येते. अर्धी त्याला, अर्धी मधुरिमाला. आणि ती तिच्या तुकड्यानं वाटी स्वच्छ पुसून खाते.