पऱ्हाटीच्या कोळशावरचा पाव

गजालाची नोकरी नेमकी काय आहे, हे अकोल्यात तिच्या नात्यातल्या कुणालाच धड सांगता येत नसे. तिची संस्था दिल्लीत होती आणि जगभरातल्या शहरांना एकाच कामात मदत करायची: हवा तापवणारा धूर कमी कसा करता येईल ते शोधायचं आणि तिथल्या लोकांकडून करून घ्यायचं. कुठे बसगाड्या बदलायच्या, कुठे रस्त्यावरचे दिवे, कुठे कचऱ्याचे डोंगर उपसायचे. "धुराच्या खात्यात आहे," असं तिची फुफी, म्हणजे आत्या, बिस्मिल्लाबी पाहुण्यांना सांगायची आणि पाहुण्यांचंही तेवढ्यावर समाधान व्हायचं.

२०१०च्या हिवाळ्यात संस्थेने अकोला घेतलं. गजाला लहानपणापासून पाहत आली होती की शहरातल्या कितीतरी बेकऱ्यांच्या भट्ट्या दगडी कोळशावर चालतात. आणि शहराबाहेर पाऊल टाकलं की वेगळाच धूर दिसायचा. कापूस वेचून झाला की वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून लोक बांधावर ढीग लावत आणि पेटवून देत. ती वर्षं कापसाच्या गावांना वाईट होती. वेचणी संपली की बायांच्या हाताला काम उरत नसे. चिंचखेडच्या बायांनी मात्र गट करून एक यंत्र आणलं होतं. ते पऱ्हाटीचा भुगा करायचं आणि दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या काढायचं. या कांड्यांना धंद्यात पांढरा कोळसा म्हणतात. रंग मात्र मातकट. गटाच्या प्रमुख होत्या इंदूबाई. त्यांच्याकडे कांड्यांची पोती पडून होती, घेणारं कुणी नव्हतं.

गजालाने दोन टोकं जोडली. पऱ्हाटी नाहीतरी शेतात जळणारच; ती भट्टीत जळाली तर तेवढा खाणीतला कोळसा वाचेल. पण आधी भट्टी पेटवायची कुणी? ज्या-ज्या बेकरीत ती गेली, तिथे एकच उत्तर मिळालं. "पहिले तुमच्या फुफीले विचारा."

बिस्मिल्लाबी नवऱ्याच्या मागे एकटीने बेकरी सांभाळत आली होती, आणि टोस्टच्या बाबतीत तिचा शब्द अख्ख्या बाजारात चालायचा. घरात ती उर्दू बोलायची. रागावली की वऱ्हाडी. गजालाने विषय काढला तेव्हा ती पहिल्या वाक्यालाच वऱ्हाडीवर आली.

"कोळसा कधी पांढरा असते काय वं? आनि पऱ्हाटीवर चूल पेटते, भट्टी नाई पेटत."

"एक दिवस करून तर पाहा, फुफी."

"धूर माह्या एकटीच्याच भट्टीतून निघते का? दुनियेत अजून कोनी नाई सापडलं तुले?"

"दुनियेत बरेच सापडले," गजाला म्हणाली. "पण माझ्या घरच्या भट्टीत कोळसा आणि मी दुसऱ्यांना शिकवत फिरते, हे मलाच बरं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी बिस्मिल्लाबीने साजिदला, म्हणजे तिच्या जुन्या कारागिराला, पोती उतरवून घ्यायला सांगितलं.

पहाटे भट्टी पेटली. साजिदने सवयीने कोळशाइतक्याच कांड्या चुलाणात भरल्या. कांड्या भडाडल्या. ज्वाळा पार आत शिरल्या आणि भट्टीच्या विटा बघता बघता तापल्या. या बेकरीत सगळ्यात आधी टोस्ट लागायचे, कारण सकाळच्या पहिल्या एस. टी. गाड्यांनी ते खेड्यांतल्या दुकानांत जायचे. कापलेल्या पावाच्या लोखंडी पत्र्या आत सरकवून साजिद चहा घ्यायला वळला. चहा संपायच्या आत जळका वास आला. पत्र्या बाहेर ओढल्या तेव्हा टोस्ट डांबरासारखे काळे झाले होते.

बिस्मिल्लाबीने एक टोस्ट उचलला, गजालासमोर धरला आणि चिमटीत चुरला.

"हा घे तुहा पांढरा कोळसा."

मालाची गाडी त्या दिवशी चुकली. बिस्मिल्लाबीने इंदूबाईंचा नंबर मागून घेतला आणि फोनवर सांगून टाकलं, तुमचा माल खराब आहे, पोती घेऊन जा. मग ती भट्टीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भट्टी अजून रसरसत होती. वाया गेलेल्या टोस्टपेक्षा आता तिला ही रिकामी जळणारी भट्टी जास्त खुपायला लागली.

"साजिद, पावाचा मळलेला मैदा फुगला का?"

"दुपारचा हाय तो, आपा."

"मंग दुपारची वाट कायले पाहून राहिला? लाव."

पाव लागला. त्याला अशीच कडक आच हवी असते. फुगून वर आला, वरची साल तांबूस झाली आणि बिस्मिल्लाबीने तो मधून फाडला तेव्हा आतून कापसासारखा निघाला. ती नुसतं म्हणाली, "खारी लाव." भट्टी थोडी उतरली होती, ती खारीला पुरली. त्यानंतर नानखटाई. दुपार कलेपर्यंत आच इतकी सौम्य झाली की हात क्षणभर आत धरता यायचा. तेव्हा तिने उरलेल्या टोस्टच्या पत्र्या स्वतः आत सरकवल्या आणि झाकण लावून घेतलं.

एवढ्यात इंदूबाई आल्या. चिंचखेडहून मिळेल त्या गाडीने आल्या होत्या, आणि येताना रस्ताभर मनातल्या मनात भांडत आल्या असाव्यात, कारण दारातूनच त्यांनी सुरुवात केली.

"जयभीम. बिस्मिल्लाबी कोन हाय? आमच्या मालाले खराब कोन म्हनून राहिलं?"

"मीच हो. या, बसा," बिस्मिल्लाबी म्हणाली.

"बसाले नाई आली मी. आमी बाया दिवसभर त्या भुग्यात खोकलतो. खराब हाय म्हना, पन कसा खराब हाय ते दाखवा."

बिस्मिल्लाबीने गरम पावाची जोडी कागदावर ठेवून पुढे केली. "पहिले खाऊन घ्या. भांडन कुठं पयते?"

इंदूबाईंनी पाव खाल्ला. पुन्हा एक घास घेतला. "हा आमच्या कोळशावरचा?"

"व्हय. अन् हे बी तुमच्याच कोळशावरचे." तिने काळ्या टोस्टची टोपली पायाने पुढे सरकवली.

इंदूबाईंनी टोपलीत पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. बिस्मिल्लाबी आधी घुश्श्यातच होती. मग तीही हसली. साजिद भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचेही खांदे हलत होते. गजाला मात्र भट्टीच्या झाकणाकडेच पाहत बसली. तिचं चित्त आतल्या पत्र्यांत होतं.

उन्हं उतरल्यावर झाकण काढलं. टोस्ट फिक्या सोनेरी रंगाचे, कडेपासून मध्यापर्यंत सारखे वाळलेले. बिस्मिल्लाबीने एक मोडून कानाशी आवाज ऐकला.

"चुकी आपली झाली," ती गजालाला म्हणाली, आणि या वेळी उर्दूत म्हणाली, म्हणजे राग उतरला होता. तिचं म्हणणं असं: काळा कोळसा सावकाश, एकसारखा जळतो. ही पऱ्हाटी आधी भडकते आणि मग दिवसभर उतरत जाते. तिला आपल्या वेळापत्रकाशी काय देणंघेणं? आपणच तिच्या मागून चालायचं. आधी पाव, शेवटी टोस्ट.

तेव्हापासून टोस्ट आदल्या संध्याकाळी होऊ लागले आणि सकाळच्या गाडीने जाऊ लागले. साजिदच्या संध्याकाळच्या गप्पा बुडाल्या म्हणून तो काही दिवस कुरकुरला. गजालाने दिल्लीला कळवलं की अकोल्यात एक भट्टी बदलली. एवढंच.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला आणि चिंचखेडला उघड्यावर ठेवलेली पोती भिजून कांड्यांचा पुन्हा भुगा झाला. त्यात लोडशेडिंग; यंत्र चालवायला वीज नाही. आठवडाभर बिस्मिल्लाबीला परत काळा कोळसा आणावा लागला. त्या आठवड्यात भट्टीपुढे उभी राहून ती सारखी नाकाला पदर लावायची. "इतकी वर्षं हा वास मले कसा नाई आला?" असं ती साजिदला विचारायची, जणू त्याने तो लपवून ठेवला होता. शेवटी गजालाच्या संस्थेने चिंचखेडला पत्र्याची शेड बांधून दिली. त्या दिवशी गटातल्या बायांनी बिस्मिल्लाबीला गावी नेलं आणि नव्या शेडमध्ये पंगत बसवून भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला.

पुढच्या हंगामापर्यंत बाजारातल्या बऱ्याच बेकऱ्या पांढऱ्या कोळशावर आल्या. त्यांना गजालाने समजवायची गरजच पडली नाही. लोक सरळ बिस्मिल्लाबीकडे यायचे. ती त्यांना स्टुलावर बसवायची आणि पावापासून टोस्टपर्यंत सगळा दिवस दाखवायची. चिंचखेडला दुसरं यंत्र आलं. शेजारच्या गावांतली पऱ्हाटीही आता बांधावर न जळता तिकडे जाऊ लागली.

मग गजालाच्या संस्थेने आफ्रिकेतल्या मोम्बासा शहराचं काम घेतलं. तिथेही बेकऱ्या होत्या, तिथेही भट्ट्या होत्या, आणि तिथल्या बेकरीवाल्यांना तिच्या बोलण्यावर विश्वास बसत नव्हता. तेव्हा एका दुपारी गजालाने बेकरीत लॅपटॉप आणला आणि पडद्यावर त्या लोकांना बोलावलं. बिस्मिल्लाबी नवी साडी नेसून बसली होती. शेजारी इंदूबाई.

"त्यायले विचार, सकाळी पहिले काय लावता?"

गजालाने विचारलं. उत्तर आलं: गोड पाव.

"मंग तर सोपं हाय. अन् जाळता काय?"

लाकूड, उत्तर आलं. फेकून दिलेल्या नारळाच्या करवंट्याही खूप आहेत, पण त्या फार भडकतात.

"पाहा!" बिस्मिल्लाबीने इंदूबाईंच्या मांडीवर थाप मारली.

"पन करवंटीचा भुगा होते का?" इंदूबाई पुढे सरकल्या. "त्यायच्याकडे यंत्र कसं हाय? दाखवा म्हना. लाईट किती घंटे असते तिकडे?"

तिकडून एक जाडजूड बाई पडद्याजवळ आली आणि तिने उलट विचारलं, पावात साखर किती घालता? बिस्मिल्लाबीला हा प्रश्न फारच आवडला. मग धूर, वायू, वातावरण सगळं बाजूला राहिलं आणि साखर, खमीर, मैदा यांवर बोलणं सुरू झालं. गजाला इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करता करता दमली. मध्येच बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं, "आपा, टोस्ट हायेत का?"

"संध्याकाळी या," बिस्मिल्लाबी मान न वळवता म्हणाली. "आता काम चालू हाय."