नानांचा पहारा

जावईबापूंचा धंदा न बांधलेल्या घरांची चित्रं काढण्याचा होता. बिल्डरने नुसता नकाशा पाठवायचा आणि यांनी कॉम्प्युटरवर ती इमारत उभी करायची, खिडकीतून ऊन आत सोडायचं, सोफ्यावर एक उशी मुद्दाम तिरकी टाकायची. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, की आजच सामान हलवावं. चित्र मांडायला डोकं लागे. पण ते पक्कं करणं कॉम्प्युटरच्या हाती होतं. कुठल्या काचेवर ऊन कसं पडेल, त्याची सावली फरशीवर कशी सांडेल, याचं गणित करत तो तासन्‌तास घुमत राही आणि जावईबापू शेजारी जांभया देत बसत.

म्हणून त्यांनी हौसेने नवा प्रोसेसर घेतला. पण नव्याचे नऊ दिवस सरायच्या आतच त्यांनी इंटरनेटवर कुठेतरी वाचलं, की कारखान्यातून येतो तो वेग जपून ठरवलेला असतो. जाणकार माणूस ओव्हरक्लॉक करून, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून, त्याच वस्तूकडून चांगलं काम काढून घेतो. आता आपण जाणकार नाही, असं कुणाला वाटतं? त्यांनी एका रविवारी वेग वाढवला. वेग वाढला तशी उष्णता वाढली. मग प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्याला मिळणारं व्होल्टेज थोडं कापलं. वर एक ताण देणारा प्रोग्राम लावला, जो प्रोसेसरला घाम फोडतो आणि कुठे चुकतो का ते बघतो. दिवसभर पंखे गुरगुरले, पण एक चूक नाही. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करी. ती घरी आल्यावर त्यांनी तिला सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, छान झालं, आता तुझाही थोडा वेग वाढव आणि दळण आण.

सोमवारी दुपारी जावईबापू जेवायला उठले. हात धुऊन परत आले तर कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालेला, आणि पासवर्ड मागत साळसूदपणे उभा. सकाळभर केलेलं काम गेलं. मंगळवारी ते दारात कुरिअर घ्यायला गेले आणि परत येऊन बघतात तर तेच. बुधवारी फोनवर बोलत गॅलरीत गेले, तेव्हाही तेच. समोर बसून काम करावं तर घोडा कसा उधळल्यासारखा पळे. पाठ फिरवली की आडवा.

पाठ फिरली की होतं, म्हणजे कुणीतरी करतं, असं माणसाच्या मनात येणारच. आणि घरात दिवसा जावईबापूंखेरीज एकच माणूस असे. ते म्हणजे नाना, त्यांचे सासरे.

नानांच्या इमारतीची दुरुस्ती निघाली होती, म्हणून ते काही महिन्यांसाठी लेकीकडे राहायला आले होते. जन्म एका मोठ्या वाचनालयाची व्यवस्था बघण्यात गेलेला. रोज संध्याकाळी सगळी दालनं फिरून शेवटचा दिवा बंद करायचा आणि मग कुलूप लावायचं, ही सवय हाडात भिनलेली. निवृत्त झाले तरी बोटं काही निवृत्त झाली नव्हती. माणूस खोलीतून बाहेर पडतो न पडतो तोच नाना मागून दिवा मालवत. एकदा तर लेक न्हाणीघरात असतानाच बाहेरून बटण दाबलं होतं. वर त्यांची खाट दिवाणखान्यात, कामाच्या खोलीच्या दाराला लागून. आणि खोलीतल्या दिव्याचं नि कॉम्प्युटरचं बटण दाराशीच, शेजारी शेजारी. चुकून दाबायचं आणि चूक कळली की परत लावायचं, एवढंच.

पण सासऱ्याला विचारणार कसं? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. पण सासरेच घरी येऊन राहिले की त्या ग्रहालाही जपून फिरावं लागतं. जावईबापूंनी आडवळणाने विचारून पाहिलं, की नाना, दुपारी झोप लागते का, अधूनमधून उठावं लागतं का. नाना म्हणाले, झोप उत्तम लागते, तुमच्या पंख्यांचा आवाज मात्र होतो. झालं, संशय बळावला. जावईबापूंनी गुपचूप त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

पट्टी नानांना दिसायला एक दुपार पुरली. रात्रीच्या जेवणात त्यांनी आमटी वाढून घेतली नाही, दही नको म्हणाले आणि लेकीला पाणी मागताना जावयाकडे बघितलंसुद्धा नाही. बायकोने ताटं उचलताना नवऱ्याला खोलीत बोलावून घेतलं आणि हळू आवाजात असं काही फैलावर घेतलं, की आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

पट्टी निघाली. पण रोग राहिलाच, कारण शुक्रवारीही, ती निघायच्या आधीच, कॉम्प्युटर एकदा कोसळला होता. जावईबापूंना आता पटलं, की दोष यंत्रातच असावा. अर्धं मन तसं म्हणत होतं. उरलेलं अर्धं म्हणत होतं, की वायर मागूनही ओढता येते. त्यांनी झाकण उघडलं. मेमरीच्या पट्ट्या काढून अदलाबदल केली, प्रोसेसरवरचा थंडाव्याचा लेप पुसून नवा लावला, विजेचा बोर्ड बदलला, आणि वर घरातला टेबलफॅन आणून उघड्या पोटावर रोखून ठेवला. शनिवारी परत तेच. आता घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हे कळायला मार्गच उरला नाही.

बायको दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, "एका वेळी किती गोष्टी बदलल्यास?"

"चार."

"मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चार भिंगं एकदम बदलली, तर ते बिचारं काय सांगेल? एक बदलायचं, विचारायचं. मग दुसरं."

हे बरोबर होतं, म्हणून जावईबापूंना फार राग आला.

त्यात बिल्डरचे फोन सुरू झाले. त्याला पुढच्या आठवड्यात पंधरा मजल्यांची चित्रं गिऱ्हाइकांना दाखवायची होती आणि इथे पाचव्या मजल्याच्या वर कुणी चढेना. जावईबापूंनी वेग पूर्ववत करावा हा सरळ उपाय होता. पण तसं केलं तर आपण हरलो असं झालं असतं, आणि हरलो कुणाशी हेही सांगता आलं नसतं.

सोमवारी सकाळी नाना अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कामाच्या खोलीत आले. पाण्याचा तांब्या आणि पाठीला एक उशी बरोबर होती. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही उठाल तेव्हा इथे मी बसणार. कोण काय करतं ते मला बघायचंय."

नाही म्हणण्याची सोय नव्हती. नुसतं बसून डोळा लागू नये म्हणून लेकीने त्यांना कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ लावून दिला. दोन दिवसांत नाना त्यात असे रमले, की जावईबापू जेवून परत आले तरी खुर्ची सुटेना. डाव जिंकला की पडद्यावर सगळे पत्ते कारंज्यासारखे उडत, आणि नाना ते संपेपर्यंत अदबीने थांबत.

आणि आश्चर्य म्हणजे कॉम्प्युटर कोसळायचा थांबला. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवारही सुरळीत गेला. कुणाला वाटेल, जावईबापू खूश झाले असतील. पण बुधवारी संध्याकाळी दळण आणायला बायकोबरोबर जाताना त्यांच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. नाना पहाऱ्याला बसले आणि प्रकार थांबला. म्हणजे नाना पहाऱ्यावर नसताना... त्यांनी हे तिला बोलून दाखवलं.

बायको रस्त्यातच थांबली. "म्हणजे चोरच राखणीला बसलाय, म्हणून चोरी होत नाही, असं तुझं म्हणणं?"

"मी तसं म्हणत नाही. हिशेब तसा दिसतोय."

"हा हिशेब नानांपुढे मांडू नकोस."

मांडायची गरजच नव्हती. नानांनी आयुष्यभर न परत केलेल्या पुस्तकांचा छडा लावला होता. एवढी साधी गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली होती. आपण जितका चोख पहारा द्यावा तितका आपल्यावरचा आळ पक्का होतो, हे कळल्यावर त्यांची झोपच उडाली. गुरुवारी ते खुर्चीत बसले ते चेहरा पाडूनच. आता त्यांना मनापासून वाटत होतं, की हे यंत्र एकदा तरी पडावं, आपल्या डोळ्यांदेखत पडावं आणि साक्षीला जावई असावा. पत्त्यांतही लक्ष लागेना.

रात्री झोप नाही, त्यात दुपारचं जेवण. जावईबापू चहाचे दोन कप घेऊन आले तेव्हा नाना खुर्चीत गाढ झोपले होते. मान एका खांद्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही हात पोटावर. पडद्यावर अर्धवट डाव तसाच पडलेला. पंखे जवळजवळ थांबले होते. खोलीत इतकी शांतता, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. जावईबापूंनी कप आवाज न करता ठेवले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, कुणाचा हात लागलेला नसताना, पडदा गपकन निळा झाला आणि पाठोपाठ कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला.

त्या चाहुलीने नाना जागे झाले. त्यांनी चष्मा वर सरकवला, पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटावरच्या हातांकडे.

"पाहिलंत?" ते हळूच म्हणाले.

"पाहिलं."

"माझे हात कुठे होते?"

"पोटावर."

नानांनी मोठा श्वास सोडला आणि चहाचा कप उचलला. जावईबापू मात्र जागचे हलले नाहीत. शरमेने कान तापले होते, पण त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेडही पडत होता. काम असेल तेव्हा कॉम्प्युटर पडत नाही. नाना पत्ते खेळतात, तेवढ्या चाळ्यानेही तो जागा राहतो. पडतो तो फक्त काहीच काम नसताना. कारण काम नसलं की प्रोसेसर स्वतःच आपला वेग आणि व्होल्टेज उतरवून पडून राहतो. आणि त्या मुळातल्या थोडक्या व्होल्टेजमधूनही यांनी कापून घेतलं होतं. त्यांनी प्रोसेसरच्या घाम गाळण्याची परीक्षा दिवसभर घेतली होती. स्वस्थ बसण्याची परीक्षा घ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

हे त्यांनी नानांना समजावून सांगितलं. नाना म्हणाले, त्यात नवल काय, वाचनालयातला आमचा शिपाई अख्खं आयुष्य धावपळ करत धडधाकट होता आणि निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात अंथरुणाला खिळला.

मग जावईबापूंनी या वेळी एकच गोष्ट बदलली. कापलेलं व्होल्टेज परत दिलं आणि बाकी कशाला हात लावला नाही. त्यानंतर दोघे खुर्च्या मांडून कॉम्प्युटरसमोर बसले. माऊसला हात लावायचा नाही, खेळ लावायचा नाही, चित्रही नाही. नुसतं बघायचं. जावईबापूंना पाच मिनिटांत चुळबुळ सुटली. नाना मात्र या कामात मुरलेले होते.

दुकान बंद करून बायको घरी आली तर दोघे मुकाट्याने पडद्याकडे बघत बसलेले.

"काय चाललंय?"

"काही नाही," जावईबापू म्हणाले.

"कधीपासून?"

"चहा झाल्यापासून."

"मग हे चांगलं की वाईट?"

"फार चांगलं," नाना म्हणाले.

व्होल्टेज परत दिल्यावर उष्णता पुन्हा वाढली, म्हणून जावईबापूंना वेगही एक-दोन पायऱ्या उतरवावा लागला. शेवटी उरला तो कारखान्याच्या वेगापेक्षा इतका थोडा जास्त, की एका चित्रामागे वाचणाऱ्या वेळात धड पोहेही भिजले नसते. पण कॉम्प्युटर पडला नाही, पंधरा मजले वेळेवर चढले, आणि बिल्डरने फोन करून एवढंच सांगितलं, की ती सोफ्यावरची उशी सरळ करा.

माफी मागायची राहिली होती. ती जावईबापूंनी रविवारी जेवताना मागितली. आधी बराच वेळ भात कालवला, मग मान वर न करता म्हणाले, "नाना, माझं चुकलं. मी तुमच्यावर संशय घेतला."

नानांनी घास संपवला. "संशय घेतलात त्याचं काही नाही. मीही घेतला असता. पण विचारायचं तोंडावर. पट्टी काय लावता?" आणि एवढं बोलून त्यांनी लेकीकडे दही मागितलं, तेव्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात नानांचे वाचनालयातले दोन जुने सोबती त्यांना भेटायला आले. जावईबापू स्वयंपाकघरात चहा ओतत होते आणि दिवाणखान्यातून नानांचा आवाज येत होता. आमचे जावई फार हुशार, नाना सांगत होते, पण यंत्राला बिचाऱ्याला उपाशी ठेवत होते. ते दुपारी चक्कर येऊन पडायचं. मी आठवडा उशाशी बसून काढला तेव्हा कुठे रोग कळला. सोबत्यांनी विचारलं, तुम्हाला कसा कळला? नाना म्हणाले, निरीक्षण.

जावईबापूंनी चहा गाळला, बशीत बिस्किटं मांडली, आणि काही दुरुस्ती न करता ट्रे बाहेर नेला.