चौकात उभं राहणारं अक्षर

मी एक जुना लाकडी टाइप आहे, म्हणजे छापखान्यातला अक्षरांचा संच. मित्रांनो, तुमच्या पुस्तकातली अक्षरं नाजूक, गोलसर असतात. मी मात्र जाडजूड, आणि वळणाच्या जागी मला कोपरे आहेत. ज्या सुताराने मला कोरलं त्याला वळणं जमत नव्हती असं नाही. "ही अक्षरं चौकात उभी राहणार," तो बायकोला म्हणाला, "त्यांना खांदे हवेत." लाकडाच्या ढलप्या हळूहळू गळत होत्या आणि मी झोपेतून जागा होत होतो.

छापखान्यात मी जुळारीकाकांच्या हाती आलो. अक्षरं जुळवून शब्द करणं हे त्यांचं काम. सर्कशीची, नाटकांची पोस्टरं माझीच. एकदा काकांनी हौसेने मला लग्नपत्रिकेत बसवलं. मुलीचे वडील दचकलेच. "अहो, हे लग्नाचं बोलावणं आहे की भांडणाचं?" काका पोट धरून हसले.

एका पावसाळ्यात नदीवरचा पूल मधोमध खचला. मालक भलामोठा मजकूर घेऊन धावत आले. काका म्हणाले, "एवढं वाचणार कोण? एकच शब्द पुरे." आणि त्यांनी मला जुळवलं : थांबा. ओल्या शाईचा तो कागद रस्त्याच्या वळणावर फळीला ठोकला. भरलेली बस येत होती. धुवांधार पावसातही चालकाला मी लांबून दिसलो. त्याने करकचून ब्रेक दाबला.

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात आला. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने मला हात लावला. बोटाला शाई लागली, तिच्याकडे तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

पुढे संगणक आले, छापखाना बंद पडला. मालक मला सरपणात देणार होते. काकांनी मला पेटीत भरून घरी नेलं आणि पलंगाखाली ठेवलं. तिथे वर्षं ढगांसारखी सरकली. स्वप्नात भिंती यायच्या, पोस्टरं चिकटवायच्या खळीचा ओला वास यायचा. मधूनच एखादं अक्षर किडा पोखरायचा, तेवढीच जाग.

काकू गेल्या. काकांची नजरही गेली. एकदा लेक म्हणाली, "बाबा, लोक दारावरून परत जातात. त्यांना वाटतं, तुम्ही झोपलात."

"ती पेटी ओढ गं."

काकांची बोटं माझ्यावरून फिरली. कोपऱ्याकोपऱ्यावरून त्यांनी मला ओळखलं. "हा आ... हा त." लेकीने शाई लावली, वर कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने घासला. दारावर लागलं : आत या.

संध्याकाळी शेजारचा शिंपी डोकावला. "काका, इतकं मोठ्याने बोलावलंत, यावंच लागलं!" मग त्याच्यामागून आणखी कोणी, आणखी कोणी. घरभर बोलणं भरलं. काका प्रत्येकाचा आवाज ओळखत होते.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला अंधारात ढकलू नका. कोरड्या फडक्याने पुसा, थोडं तेल लावा आणि काहीतरी काम सांगा. कामावाचून आम्हाला फार गाढ झोप लागते.