एकाच खांबाकडे ओढलेले नांगर

वर्निअरसाहेबांना माणसांचा तिरस्कार होता असे म्हटले तर ते अपुरे ठरेल. त्यांनी माणसे मोजून पाहिली होती आणि बहुतेक सगळी मापात कमी भरली होती.

'वर्निअर' हे टोपणनाव, बारीक मापे घेणाऱ्या कॅलिपरवरून, कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेले. निवृत्तीनंतरही ते चिकटून राहिले आणि साहेबांना मनातून ते आवडतही असे. चौतीस वर्षे त्यांनी चाचणी विभाग सांभाळला. साखळ्या, लोखंडी आकडे, साखळ्या जोडायच्या खिळीच्या कड्या म्हणजे शॅकल, अशी भार पेलण्यासाठी बनवलेली प्रत्येक वस्तू तुटेपर्यंत ओढायची आणि किती भाराला तुटली ते वहीत लिहायचे, हे त्यांचे काम. त्यामुळे समोर काहीही आले तरी ते कुठे तुटेल हे त्यांना आधी दिसे. माणूस समोर आला तरी तेच. लेकीचे लग्न ठरले तेव्हा त्यांनी भावी जावयाची अंगठी मागून घेतली आणि खिशातल्या कॅलिपरमध्ये धरली. अंगठी दोन दशांश मिलिमीटरने लंबगोल निघाली. "अंगठी अशी, तर माणूस कसा असेल?" असे ते तेव्हा म्हणाले होते. पुढच्या सात वर्षांत त्यांची खात्री पटली की माणूसही तसाच आहे, लांबून गोल दिसणारा.

त्या जावयाने आता शिडाची बोट घेतली होती. बारा मीटर लांब, नऊ टन वजनाची. नोकरीतून आठ महिन्यांची रजा घेऊन तो आणि लेक किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला निघणार होते. निघायला बारा दिवस उरले होते आणि बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, नांगरच नव्हता. आधीचा मालक बोट विकताना नांगर तेवढा काढून घेऊन गेला होता आणि ही गोष्ट जावयाच्या लक्षात तीन आठवड्यांनी आली होती. साहेबांनी हे ऐकले तेव्हा ते फक्त "वा!" म्हणाले. त्या एका अक्षरात त्यांनी जावयाची पूर्ण वासलात लावली.

मनात मात्र ते वेगळाच हिशेब करू लागले. बोट चालत असते तेव्हा तिच्यावर माणसाची नजर असते. खडकाळ किनाऱ्यापाशी दोघे गाढ झोपले की नजर कुणाची? नऊ टनांची बोट, वारा, लाटा आणि पाण्याखाली रुतलेला एक लोखंडाचा तुकडा. लेकीच्या आठ महिन्यांच्या झोपा त्या तुकड्यावर अवलंबून होत्या, आणि तो निवडणार कोण, तर जावई. बायको गेल्यापासून साहेबांना लेकीशिवाय कुणी नव्हते. दोघे नांगर घ्यायला निघाले तेव्हा ते न बोलावता दुकानात गेले.

बंदरावरच्या त्या दुकानात बोटीचे सामान मिळे, आणि सामानापेक्षा दुकानदाराच्या अंगाला येणारा सुवास अधिक मिळे. दर्शनी काचेत, निळ्या मखमलीवर, स्टेनलेस स्टीलचा एक चकचकीत नांगर मांडला होता. जावई त्याच्यापुढे उभा होता.

"बाबा, हा बघा! आरसा आहे नुसता आरसा!"

"का, दाढी करायचीय त्यात?"

"साहेब, हल्ली सगळे हाच नेतात," दुकानदार हसून म्हणाला. "बोटीला शोभा येते."

"समुद्राच्या तळाशी शोभा बघायला कोण जातं?"

"तळाशी नाही हो, बंदरात असताना. नाळेवर लावलेला असतो ना."

"बंदरात बोट दोरांनी बांधलेली असते. म्हणजे याचं काही काम नसतं तेव्हा हा झकास दिसतो." साहेबांनी दुकानदाराचे पांढरे बूट न्याहाळले. "असे पुष्कळ असतात."

साहेबांनी नांगराच्या दांड्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. आतून पोकळ आवाज आला.

"कसलं पोलाद?"

"एक नंबर, साहेब."

"एक नंबर. चौतीस वर्षं तक्ते वाचले, हा आकडा कधी दिसला नाही."

या नांगराला साजेशी एक चकचकीत फिरकीही होती, म्हणजे साखळीला पीळ बसू नये म्हणून नांगर आणि साखळी यांच्यामध्ये बसवायचा फिरता सांधा. ती जावयाने आधीच हातात घेऊन ठेवली होती आणि खुळखुळ्यासारखी फिरवून पाहत होता. साहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग जावयाकडे, आणि मग पुन्हा तिच्याकडे. दोघांत फरक करणे त्यांना जड गेले.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांच्या आड, जस्ताचा मुलामा दिलेला एक करडा, ओबडधोबड नांगर पडला होता. त्याला एकच रुंद पाते होते आणि पात्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत नळीची एक कमान होती.

"आणि हे काय? नांगराला बादलीची कडी कुणी लावली?"

"ते काम करणारे लोक नेतात, साहेब. उलटा पडला तर कमानीमुळे आपोआप सुलटा होतो म्हणे."

"म्हणे!" साहेबांनी तो शब्द जिभेवरून थुंकल्यासारखा टाकला.

लेक त्या कोपऱ्यात उभी होती. तिने पायाने तो नांगर उलटा केला. नांगर कमानीवर डुलला आणि पुन्हा पात्यावर आला. तिने आणखी एकदा तसेच केले. तिला मात्र कुणी काही विचारले नाही.

साहेबांची निवड दुकानात येण्यापूर्वीच झाली होती. दोन लांब, धारदार पाती, दांड्याभोवती वर-खाली हलणारी. वजनाला हलका, घडी करून ठेवता येणारा, भूमितीच्या पुस्तकातून उतरल्यासारखा सरळ नांगर. असे नांगर त्यांनी स्वतः तपासले होते आणि वहीत त्यांच्यापुढे नेहमी मोठे आकडे पडले होते. तरीही पद्धत ती पद्धत. न आवडलेले परत करण्याच्या बोलीवर त्यांनी तिन्ही नांगर उचलायला लावले. दुकानदाराने ते आनंदाने दिले, कारण त्यांच्याबरोबर साहेबही जाणार होते.

घरामागे साहेबांनी सहा मीटर लांबीचा खड्डा खणला आणि त्यात धुतलेली वाळू भरली. वर पाणी तरंगेपर्यंत ती भिजवली. खड्ड्याच्या एका टोकाला रुळाचा तुकडा काँक्रीटमध्ये रोवून खांब केला. खांबाला साखळीचा हातओढा, म्हणजे हाताने ताण देण्याचे यंत्र, त्याला ताणमापक आणि पुढे नांगराची साखळी. प्रत्येक चाचणीआधी ते वाळू फळीने सपाट करत, पाणसळ ठेवून पाहत, नांगर दोन्ही हातांनी ठरल्या जागी ठेवत आणि ओढू लागत. जावई खुर्ची टाकून बसला होता. त्याला वही धरण्याचे काम दिले होते, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते.

चकचकीत नांगर अर्धवट रुतला. सहाशे दहा किलोंवर फिरकीचा जबडा फाकला, खीळ निसटली आणि साखळी सुटून खांबावर आपटली.

"झाली शोभा," साहेब म्हणाले.

"बाबा, फिरकी खराब निघाली. नांगराचा काय दोष?"

"बरोबर. तुम्ही बुडालात तर पाण्याचा दोष. लिहा, सहाशे दहा."

करड्या नांगराने एक हजार चाळीस किलो धरले. साहेबांना ते आवडले नाही. बादलीच्या कडीकडून त्यांची एवढी अपेक्षा नव्हती. शेवटी दोन पात्यांचा नांगर वाळूत असा शिरला की दांडासुद्धा दिसेनासा झाला, आणि ताणमापकाचा काटा अकराशे ऐंशीवर गेला. साहेबांनी कपाळ पुसले. "संपला विषय," ते म्हणाले.

संध्याकाळी लेक आली. तिने वही वाचली, खड्ड्याभोवती एक फेरी मारली आणि खांबाला हात लावून उभी राहिली.

"बाबा, प्रत्येक वेळी याच खांबाकडे ओढलंत?"

"मग? खांब एकच आहे."

"आणि वारा?"

"वाऱ्याचा इथे काय संबंध?"

"अहो, मागच्या उन्हाळ्यात आम्ही याच्या मित्राच्या बोटीवर होतो ना, तेव्हा संध्याकाळी वारा जमिनीकडून होता आणि पहाटे समुद्राकडून आला. बोट नांगराभोवती अर्धी फिरली. नांगर निघाला. खडक इथून त्या फाटकाएवढा लांब राहिला होता."

साहेबांच्या हातातली फळी तिथेच थांबली. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही याला फाडून खाल्लं असतंत."

"मला?" जावई खुर्चीतून उठला. "अगं, त्या दिवशी मी सुकाणूवर होतो!"

"तेच. तू सुकाणूवर असतोस. नाळेवर मी असते. नांगर टाकते मी, उचलते मी, रात्री उठून बघते मी. आणि निवडताय तुम्ही दोघं, एक चकाकी बघून आणि एक आकडा बघून."

"कोणता नांगर होता त्या बोटीवर?" साहेबांनी विचारले.

लेकीने दोन पात्यांच्या नांगराकडे बोट केले.

एखाद्या कामगाराने असे म्हटले असते तर साहेबांनी त्याला दारातून हाकलले असते. लेकीला ते चुकीचे ठरवायला निघाले. "ठीक आहे. करू. म्हणजे तुझंही समाधान होईल." त्यांनी दोन पात्यांचा नांगर नेहमीसारखा खांबाकडे आठशे किलोंपर्यंत ओढून रुतवला. मग हातओढा सोडला आणि बाजूला काटकोनात असलेल्या शेडच्या लोखंडी खांबाला अडकवला. साखळी ताणली गेली. काटा शंभरावर गेला, दीडशेवर गेला, एकशे ऐंशीवर थरथरला. वाळू फुगली, आणि नांगर तिरका होत झटक्यात बाहेर आला. दोन पात्यांच्या मध्ये ओल्या वाळूचा घट्ट गोळा अडकला होता. त्यामुळे पाती हलेनात. ती दोन्ही आभाळाकडे करून नांगर सपाट वाळूवरून घसरगुंडी खेळल्यासारखा घसरत गेला. साहेब ओढत राहिले. तो पुन्हा रुतला नाही. तो खड्ड्याच्या कडेला येऊन थडकला तेव्हाच साहेब थांबले.

जावई तोंड उघडणार होता, पण लेकीने त्याच्या पायावर पाय दिला.

करडा नांगर त्यांनी तसाच रुतवला आणि तसाच बाजूने ओढला. वाळूखाली तो हळूहळू वळला, झोपेतला माणूस कूस बदलतो तसा. बाहेर आला नाही. काटा नऊशे नव्वदवर थांबला.

साहेबांनी खांबाकडे पाहिले. कारखान्यातले ते अवाढव्य यंत्रही सरळ रेषेतच ओढत असे. तिथे ओढून तपासलेल्या हजारो साखळ्या, शेकडो नांगर, आणि प्रत्येकासमोर त्यांची सही. त्यांनी जावयाच्या हातून वही घेतली, अकराशे ऐंशी या आकड्यावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि बाजूला लिहिले: "चाचणी सदोष. परीक्षकाची चूक." हा शेरा त्यांनी आयुष्यात इतरांच्या कागदांवर शेकडो वेळा मारला होता आणि मारताना दरवेळी नाक मुरडले होते. आताही मुरडले. त्यात ते पक्षपात करत नसत.

"काय बघताय?" ते जावयावर खेकसले. "ती बादलीची कडी उचला. जड आहे, कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. आणि त्या दोन शोभेच्या वस्तू उद्याच्या उद्या परत."

निघण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, बोट खाडीच्या तोंडापाशी आली. साखळी थेट नांगराला जोडली होती, मध्ये फिरकी नाही. शॅकलची खीळ फिरून सुटू नये म्हणून साहेबांनी स्वतः तारेने बांधली, आणि बांधताना तार, शॅकल, दुकानदार आणि तार बनवणारा अज्ञात इसम अशा चौघांचा उद्धार केला. लेक नाळेवर उभी होती. तिने हात वर केला. जावयाने बोट थांबवली. नांगर पाण्यात गेला, पाठोपाठ पाण्याच्या खोलीच्या पाचपट साखळी गेली. तिने हात मागे केला. जावयाने इंजिन उलटे चालवले. बोट मागे सरकली आणि एकदम अशी थांबली की जावई हातातल्या चहासकट खाली बसला.

"आता बाजूला घे!" लेक ओरडली. "काटकोनात!"

साहेब मागच्या बाकावर बसले होते. किनाऱ्यावर गोदामाचा कोपरा आणि त्यामागचा दिव्याचा खांब बरोबर एका रेषेत दिसत होते. बोट वळली तशा त्या दोन खुणा फाकल्या. लेकीने साखळीवर तळवा ठेवला; नांगर घसरत असेल तर साखळी हाताला थरथर सांगते. ती हलली नाही. इंजिन बाजूने जोर करत राहिले. बोट ताणली गेली आणि उभी राहिली. बोट जागची सरकते का ते कळावे म्हणून साहेबांनी आता एका रेषेतल्या दुसऱ्या दोन खुणा धरल्या, एक झाड आणि एक पत्र्याचे छप्पर, आणि घड्याळ लावून वीस मिनिटे पाहिल्या. त्या केसभरही हलल्या नाहीत.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "रिव्हर्स गिअर तुम्हाला बरा जमतो. आता पुढे जायलाही शिका."

"शिकतो, बाबा," जावई विजार पिळत म्हणाला.

लेक नाळेवरून मागे आली. तिच्या तळव्याला जस्ताची करडी भुकटी लागली होती. "बाबा, आता झोप लागेल ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? मी जमिनीवर झोपतो." त्यांनी खिशातून वही काढली, तारीख घातली आणि वर न बघता म्हणाले, "साखळीवर हात ठेवलास ना मघाशी. काय लागलं हाताला, ते सांग. शब्दन् शब्द. मी लिहितोय."