पिनेच्या जागी खिळा

पाटसचा अमजद मिस्त्री स्कूटरवरून उतरला तेव्हा हॉटेलच्या हिरवळीवर म्हातारा आचारी सावळाराम गुडघ्यांवर बसलेला होता आणि मालक सत्यजीत त्याला छत्रीच्या हँडलने मारत होता. वीतभर लांबीचे, दोनदा काटकोनात वाकवलेले भरीव लोखंड. पाठीवर बसले की ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज येत होता.

वरवंडच्या अलीकडे, सोलापूर हायवेला लागून असलेल्या त्या हॉटेलात सात टेबलांवर सात मोठ्या छत्र्या होत्या. हँडल फिरवले की खांबातली दोरी गुंडाळली जाई आणि छत्री उघडे. आज दुपारी पुण्याचे पाहुणे जेवत असताना एक छत्री भसकन मिटून त्यांच्या ताटांवर आली. काडी लागून एका बाईच्या कपाळातून रक्त आले. पाहुणे हात न धुता निघून गेले, आणि ती छत्री उघडणारा माणूस सावळाराम होता.

"मिस्त्री, बरं झालं आलास," सत्यजीत घाम पुसत म्हणाला. "ते खोलून बघ. ह्या म्हाताऱ्यानं उलटं फिरवून मोडलंय. कबूल करंना झालाय."

"सुलटंच फिरवलं व्हतं, दादा," सावळाराम म्हणाला. त्याचा एक ओठ फाटला होता. "उघडून धा मिनिटं झाली व्हती. मंग आपोआप खाली आली."

अमजदने खांबावरचे झाकण काढले. पाहायला फारसे काही नव्हते. हँडल जिथे दांड्याला जोडले जाते, त्या भोकात खिळ्याचा तुकडा अडकलेला होता. दुसरा तुकडा झाकणात पडला. तो त्याने अंगठ्याखाली दाबून धरला.

खिळा त्याचाच होता. गेल्या आठवड्यात हँडल अडकवणारी जुनी पिन झिजली म्हणून त्याला बोलावले होते. पोलादी पिन पाटसच्या दुकानात मिळाली नाही. दौंडला जावे लागले असते, आणि सत्यजीत तर डोक्यावर उभा होता. अमजदने साधा खिळा कापून ठोकला आणि आठ दिवसांत पिन आणून बसवू, असे मनाशी ठरवले. ते त्याने कोणालाच सांगितले नाही.

मागे हँडल पुन्हा पडले. या वेळी कानावर. सावळाराम बाजूला कलंडला आणि हात टेकून परत बसला.

आत्ता सांगावे, असे अमजदला वाटले. मग वाटले, मारून दमेल आपोआप. या माणसाचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, गेट, सगळी कामे आपल्याकडे आहेत. आणि आपल्या अंगावर तो हात टाकायला लागला, तर पाटसातून सोडवायला कोण येणार आहे. तो वाकून दोरीचे पीळ सोडवू लागला. पीळ सोडवायचे काहीच कारण नव्हते.

"म्हन, मी मोडलं."

"न्हाई मोडलं."

"म्हन."

सत्यजीतने सावळारामचे मनगट धरून उजवा हात टेबलाच्या फरशीवर दाबला. भट्टीवर चाळीस वर्षे भाकरी थापलेली ती बोटे पसरली. हँडल वर गेले.

"दादा, थांबा," अमजद म्हणाला. "खिळा माझा हाय. पिन मिळाली न्हाई म्हणून ठोकला हुता. त्यो तुटला आन् दोरी सुटली. ह्यांचा काय संबंध न्हाई."

सत्यजीतने हात हळूहळू खाली आणला. "तुला कवा कळलं?"

"झाकण काढलं तवाच."

"आन् बघत बसलास व्हय." त्याला एकदम मजा वाटू लागली. त्याने सावळारामला बखोटीला धरून उठवले आणि हँडल त्याच्या मुठीत कोंबले. "घे. ह्याच्या वाटनीचा मार तू खाल्लास. दे आता त्याचा त्याला."

सावळाराम हँडलकडे पाहत राहिला. तो ते टाकून देईल, असे अमजदला क्षणभर वाटले. पण सावळारामने मारले. अमजदने आडवा धरलेला हात कोपराखाली वाकला आणि आतून कडकन आवाज आला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा बरगडीवर. सत्यजीत हसत होता. मग म्हणाला, "बास." सावळाराम थांबला नाही. त्याच्या घशातून हुंदक्यासारखे काही निघत होते आणि हात उठतच होता. शेवटी सत्यजीत आणि मॅनेजर हौसराव या दोघांनी त्याला मागे ओढले, तेव्हा सत्यजीतचा चेहरा उतरला होता.

हौसरावने दोघांना पिकअपमध्ये घातले. "शिडीवरनं पडलो म्हणायचं. दोघांनी बी. छत्री दुरुस्त करताना."

दौंडच्या रस्त्यावर खड्डा आला की अमजद कळवळे. तिसऱ्या खड्ड्यानंतर सावळारामने त्याचा मोडका हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.

"आधी का बोलला न्हाईस?" त्याने विचारले.

"भ्यालो."

"मी बी भ्यालो व्हतो," सावळाराम म्हणाला.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी सावळारामचा कान पाहिला, मग पाठीवरचे काळेनिळे वळ. "कशानं झालं, बाबा?"

सावळारामने दाराकडे पाहिले. दारात हौसराव उभा होता. "शिडी..." तो म्हणाला आणि अडखळला.

"शिडी न्हाई, बाई," अमजद म्हणाला. या वेळी त्याने वाट पाहिली नाही. "मारलंय. ह्यांना हॉटेलच्या मालकानं, सत्यजीतनं. नाव लिवून घ्या."

"आणि तुम्हाला?"

अमजद आपल्या मोडक्या हाताकडे बघू लागला. हौसराव फोन कानाला लावत बाहेर वळला.

"ह्याला मी मारलं," सावळाराम म्हणाला. "माझं बी नाव लिवा. सावळाराम. म्होरं काय झालं ते बी सांगतो."

बाईंनी कागद पुढे ओढला आणि पहिल्यापासून सांगायला सांगितले.