अंगठ्याचा भार

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. जमिनीवर ठेवायचा, लोखंडी. पुढे उभा खांब आणि त्यावर आकडे कोरलेली पितळी दांडी असलेला. माझ्या फळीवर माल ठेवायचा, दांडीवरचे छोटे वजन सरकवत न्यायचे आणि दांडी अधांतरी स्थिरावली की आकडा वाचायचा. एवढेच माझे काम. ते मी चाळीस वर्षे इमानाने केले. चार रविवार सोडून.

त्या चार रविवारांबद्दलच मला सांगायचे आहे. पण माणूस काय नि काटा काय, आधी आपली चांगली बाजू सांगतो. तसेच मीही करतो.

मी एका भट्टीत ओतला गेलो. काही वर्षे धान्याच्या गोदामात काढली आणि मग एका रद्दीवाल्याने मला विकत घेतले. सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची आणि त्याच्या बायकोला मामी. पुढे दुकान, मागे एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा, असे त्यांचे घर. मधले दार दिवसभर उघडे असे, त्यामुळे माझ्या कोपऱ्यातून मला सगळा संसार दिसायचा.

मामा गठ्ठे उचलून फळीवर टाकायचा आणि मामी आकडा वाचायची. तिचा आवाज खणखणीत होता. "साडेबारा! आणि काय हो, पेपर वाचून आणलेत की भिजवून? तळाचा गठ्ठा पिळला तर बादली भरेल!" गिऱ्हाईक ओशाळून हसायचे आणि तळचा गठ्ठा काढून घ्यायचे. कोणी संशय घेतला, तर ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "आमच्याकडे काटा मारत नाहीत. पटत नसेल तर स्वतः वाचा." मामाला काटा मारायच्या सगळ्या युक्त्या माहीत होत्या. फळीखाली चप्पल सारली की वजन कमी कसे दिसते, काठावर पायाचा अंगठा टेकवला की जास्त कसे दिसते, सगळे. दुसऱ्याने केले तर ओळखता यावे म्हणून. स्वतः त्याने ते कधी केले नाही. दरवर्षी तपासणीला येणारे साहेब माझ्यावर शिक्का मारताना म्हणायचे, "मामा, तुमच्या काट्याला मी उगाच त्रास देतो." तेव्हा मला फार बरे वाटायचे. त्यांची लेक दोन महिन्यांची असताना तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून माझ्यावरच तोलले होते. खोक्याचे वजन वजा करायला मामी विसरली नव्हती.

मग एका वर्षी मामीचे डोळे पिवळे झाले. अंगाला खाज सुटली, पाठीत दुखायला लागले. तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. मोठ्या रुग्णालयात मोठी शस्त्रक्रिया झाली. गाठीबरोबर स्वादुपिंडाचा काही भाग आणि थोडे आतडेही काढावे लागले. तीन आठवड्यांनी ती घरी आली, तेव्हा दुकानाची पायरी चढताना तिने माझा खांब धरला. तो हात मी ओळखला नाही, इतका तो हलका झाला होता.

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन करायचे आणि फोनवर कळवायचे. सहा आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू करायचे होते, आणि अंगात ताकद असेल तरच ते झेपणार होते. दुसरी गोष्ट म्हणजे गोळ्या. अन्न पचवणारा रस आता पुरेसा तयार होत नव्हता, म्हणून प्रत्येक खाण्याबरोबर एक कॅप्सूल. पहिल्या घासाबरोबर, असे कागदावर लिहिले होते. पण या घरात सर्दीच्या गोळीपासून सगळी औषधे जेवणानंतरच घेतली जात. मामाने कागद जपून डबीत ठेवला आणि ताट पुसून झाले की कॅप्सूल तिच्या हातावर ठेवू लागला. वेळ चुकवली नाही त्याने कधी. फक्त क्षण चुकला.

पहिल्या रविवारी मामी फळीवर उभी राहिली आणि तिने स्वतःच दांडी वाचली. "पंचेचाळीस." दुसऱ्या रविवारी, "चव्वेचाळीस." ती खाली उतरली आणि त्या दिवशी तिने घास घेतला नाही.

"अगं, दोन चमचे तरी. मऊ भात केलाय."

"कशाला? खाल्लेलं जातंय कुठे? तुमचा भात वाया, माझं तोंड वाया."

मामा दार लोटून दुकानात आला आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर बराच वेळ बसला.

तिसऱ्या रविवारी तो तिच्या मागे उभा राहिला. "चक्कर येईल तुला, मी धरतो," असे म्हणाला. त्याने तिला धरले, आणि अंगठा माझ्या फळीच्या काठावर टेकवला.

मित्रांनो, मला फक्त भार कळतो. तो कोणाचा, ते सांगता येत नाही. मी दोघांचा मिळून आकडा दाखवला.

"चव्वेचाळीस नि वर दोनशे!" मामी म्हणाली. तिचा तो जुना आवाज दोन महिन्यांनी निघाला. दांडी जराशी थरथरत होती. "मी हलतेय का हो?"

"हलतेस तर काय. नीट उभी राहा."

त्या दुपारी ती वाटीभर भात आणि एक उकडलेले अंडे जेवली. "बघा, लागतंय अंगाला," म्हणाली. फोनवर आकडाही तिनेच ऐटीत सांगितला. बाई म्हणाल्या, छान, असेच चालू द्या. मामाच्या तोंडावर मी त्या दिवशी जे समाधान पाहिले, ते मला अजून दिसते. म्हणून त्याच्यावर रागवता येत नाही. पण पुढचे तीन रविवारही तेच झाले, आणि दरवेळी अंगठ्याचा भार वाढत गेला. अन्न न पचताच बाहेर जात होते. ती लाजेने बोलली नाही, आणि आकडा ठीक असल्यामुळे कोणी विचारलेही नाही. सांगणारा मी एकटा होतो, आणि माझेच तोंड बंद केले गेले होते.

सहाव्या रविवारनंतर दोन दिवसांनी ती दोघे रुग्णालयात गेली. परत आल्या आल्या मामी शाल काढून सरळ माझ्या फळीवर चढली.

"तुम्ही तिकडे जा. दारापाशी."

"अगं, पडशील..."

"दारापाशी म्हटलं ना."

तो गेला. तिने दांडीवरचे वजन सरकवले, मागे, आणखी मागे. "एकोणचाळीस नि पाचशे. तिथेही एवढंच भरलं. आता या, रविवारी राहता तसे राहा उभे."

मामा आला. अंगठा टेकवायची त्याला हिंमत झाली नाही, पण तिने मान वळवून त्याच्या पायाकडे पाहिले, आणि त्याने टेकवला. दांडी वर उचलली गेली.

"तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना काय सांगत आले हो?"

"तुझा चेहरा पडायचा गं," मामा म्हणाला.

"पडू द्यायचा होता. त्या बाई म्हणाल्या, पहिल्याच महिन्यात खरं वजन कळवलं असतं तर त्यांनी तेव्हाच गोळ्यांचं विचारलं असतं. घासाबरोबर घ्यायच्या होत्या त्या. आता अंग भरेपर्यंत ते औषध देता येणार नाही म्हणतात." मग माझा खांब धरून ती खाली उतरली. म्हणाली, "चला, भूक लागलीय. आज कॅप्सूल आधी आणा."

त्यानंतर मामा जेवताना तिच्या समोर बसू लागला, तळहातावर कॅप्सूल घेऊन. घास उचलला की हात पुढे. "काय हो, दक्षिणा मागताय का?" ती चिडवायची. रविवारी तो दारापाशी उभा राहायचा आणि ती फळीवरूनच आकडा ओरडून सांगायची. चाळीस. चाळीस नि सहाशे. बेचाळीस. हे आकडे ऐकून मला आनंद व्हायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचे, कारण हे आधीच घडू शकले असते.

औषध पाच आठवडे उशिरा सुरू झाले. त्या औषधाने तिला गार काही सोसेना. पाण्याचा पेला धरला तरी बोटांना चटके बसल्यासारखे व्हायचे. माझा लोखंडी खांब तर विचारूच नका. मामाने आपला जुना स्वेटर उसवून खांबाला गुंडाळला आणि फळीवर पोते अंथरले. पोते किती भरते ते आधी तोलून, वजा करून. आता तो एक ग्रॅमही चुकवत नव्हता.

वर्षभराने गाठ परत आली. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

लेक महिनाभर येऊन राहिली होती. जाण्याआधी ती बापाला म्हणाली, "बाबा, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वेळेवर औषध दिलं तरी हा आजार पुष्कळदा परततो. उशिरामुळेच झालं असं नाही."

"उशिरामुळे नाहीच झालं, असं म्हणाले का?"

लेक वाकून बापाच्या पाया पडली आणि बॅग उचलून निघाली.

आता दुकानात विजेवर चालणारा काटा आला आहे. माझ्या दांडीवर गंज धरतो आहे आणि आठवडाभर फळीवर जुनी मासिके पडून असतात. शिक्का मारायला कोणी येत नाही. आला तरी मी काय तोंडाने घेणार! रविवारी सकाळी मात्र मामा मासिके उचलतो, फळी पुसतो, दांडीवरचे वजन शून्यावर आणतो. स्वेटर सैल झाला असेल तर पुन्हा घट्ट बांधतो. मग दारापाशी जाऊन उभा राहतो. थोडा वेळ थांबतो आणि दुकान उघडतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी कोणी आजारी पडले, तर त्याला धरा, भरवा, हसवा. औषधाच्या कागदावरचे प्रत्येक अक्षर दोनदा वाचा, आणि कळले नाही तर न लाजता विचारा. पण तो काट्यावर चढेल, तेव्हा त्याचा आकडा त्याचा त्याला वाचू द्या. तुम्ही दारापाशी उभे राहा. तिथे उभे राहणे फार अवघड असते, ते मी दर रविवारी पाहतो आहे. तरीही तिथेच उभे राहा.